यूएमएल-सिसएमएल मॉडेलमधे टेस्ट कशा लावून ठेवायच्या: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे यूएमएल किंवा सिसएमएलमधे (सॉफ्टवेअरची, सिस्टिमची रचना आकृत्यांत मांडायच्या भाषा) मॉडेल आहे, रिक्वायरमेंट्स पण थोड्याफार त्यातच आहेत, आणि आता टेस्ट कुठे ठेवायच्या यावर टीममधे रोज चर्चा चालू आहे अशांसाठी हे पान आहे. सगळीकडे एकच उदाहरण धरलंय, गाडीची पॉवर विंडो आणि तिचं अँटी-पिंच. आपोआप वर जाणाऱ्या काचेत कोणाचा हात किंवा लहान मुलाची मान आली तर काच मागे फिरली पाहिजे. यूएन रेग्युलेशन २१ आणि अमेरिकेतलं एफएमव्हीएसएस ११८, वाहन-सुरक्षेच्या या दोन्ही नियमांत मुख्य अट सारखीच आहे: फट ४ मिमी ते २०० मिमी असताना काचेचा जोर १०० न्यूटनच्या वर जायच्या आत ती उलट फिरायला हवी. पुण्यात ऑटोमोटिव्हमधे असलेल्या बऱ्याच जणांना हा विषय ओळखीचा असतो म्हणून हाच घेतला.

टेस्ट एक्सेलमधे आहेत, चाललंय नीट. मॉडेलमधे आणायच्याच का?

रिक्वायरमेंट आणि डिझाइन मॉडेलमधे नसेल तर आणू नका, उगाच दोन ठिकाणी काम होईल. पण ते दोन्ही मॉडेलमधे असेल आणि फक्त टेस्टच बाहेर असतील तर रोज एक गोष्ट नडते. कोणीतरी स्विचच्या सिग्नलचं नाव बदलतं, डिझाइनमधे ते सगळीकडे बदलतं, एक्सेलमधे मात्र जुनंच नाव राहतं आणि तीन महिन्यांनी टेस्टर विचारतो की हा सिग्नल कुठे गेला. मॉडेलमधल्या टेस्टमधला मेसेज त्याच सिग्नलकडे बोट दाखवून असतो, त्यामुळे नाव बदललं की तिथेही बदलतं, आणि सिग्नल काढून टाकला तर टेस्ट लगेच तुटलेली दिसते. तुटलेली दिसणं हाच फायदा आहे.

दुसरं म्हणजे रिक्वायरमेंट एका बाजूला आणि टेस्ट दुसऱ्या बाजूला घेऊन मॅट्रिक्स काढला की रिकाम्या ओळी डोळ्यात भरतात. एक्सेलमधे हाच मॅट्रिक्स हाताने भरलेला असतो, म्हणजे तो भरणाऱ्या माणसाच्या आठवणीइतकाच खरा.

यूएमएलमधे टेस्टसाठी वेगळं काही आहे का, की क्लास-पॅकेज वापरूनच भागवायचं?

आहे. यूएमएल टेस्टिंग प्रोफाइल, सगळे यूटीपी म्हणतात. ओएमजीने (यूएमएल आणि सिसएमएल ठरवणारी संस्था) त्याची १.० आवृत्ती २००५ मधे काढली आणि पुढे बऱ्याच बदलांसह २.० आवृत्ती २०१८ ची. पहिल्या आवृत्तीची विभागणी मला अजून पण आवडते: टेस्टची रचना, टेस्टचं वागणं, टेस्टचा डेटा आणि वेळ, असे चार गट. पॅकेज कसे पाडायचे याचं अर्धं उत्तर या चार गटांतच आहे. टेस्ट कॉन्टेक्स्ट (टेस्ट केसेस एकत्र बांधणारा), टेस्ट कंपोनंट (टेस्ट घेणारा भाग), एसयूटी (जिची टेस्ट घ्यायची ती सिस्टिम), टेस्ट केस, डेटा पूल (टेस्टच्या आकड्यांचा साठा), आर्बिटर (शेवटचा निकाल ठरवणारा) ही नावं तिथलीच. दुसऱ्या आवृत्तीत एसयूटीच्या जागी टेस्ट आयटम आला, टेस्ट प्रोसिजर आणि टेस्ट केस वेगळे झाले, टेस्ट सेट आला. टीमने कुठली आवृत्ती धरलीय ते पहिल्याच दिवशी मॉडेलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा, कारण दोन्हींची शब्दावली मिसळली की नवीन माणसाला काहीच उमगत नाही.

आणि सिसएमएलमधे?

सिसएमएल १.x मधे टेस्टसाठी थोडकंच दिलंय: टेस्ट केस नावाचा स्टिरिओटाइप (मॉडेलमधल्या वस्तूवर लावायचा शिक्का), व्हेरिफाय नावाचं नातं (कुठली टेस्ट कुठली रिक्वायरमेंट तपासते ते सांगणारं), आणि निकालासाठी पास, फेल, इनकन्क्लुझिव्ह, एरर असे चार व्हर्डिक्ट. टेस्ट केस ऑपरेशनवर किंवा बिहेव्हियरवर लागतो, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी, इंटरॅक्शन, स्टेट मशीन यांपैकी काहीही चालतं. बऱ्याच टीमना एवढं पुरतं. डेटा पूल, टेस्ट कंपोनंट वगैरे लागायला लागलं तर यूटीपी प्रोफाइल सोबत लावता येतं.

पॅकेज कसे पाडायचे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

यूएमएलमधे प्रत्येक एलिमेंटचा, म्हणजे मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूचा, मालक एकच असतो. एक टेस्ट केस एकाच पॅकेजमधे राहणार. म्हणून पॅकेजच्या झाडाला तुम्ही एकच वर्गीकरण देऊ शकता आणि ते असं निवडा जे वर्षभराने पण बदलणार नाही. रिलीज बदलतं, टेस्टर बदलतो, टूल बदलतं, स्प्रिंट तर दोन आठवड्यांनी बदलतो, त्यामुळे यातल्या कशावरही झाड उभं करू नका. फीचर बदलत नाही. अँटी-पिंच दहा वर्षांनी पण अँटी-पिंचच राहणार.

मी स्वतः सुचवतो ती रचना अशी. सगळ्यात वर तीन पॅकेज: गरजा (म्हणजे रिक्वायरमेंट्स), डिझाइन, टेस्ट. टेस्टच्या आत पहिलं पॅकेज उद्दिष्टांचं, म्हणजे काय सिद्ध करायचंय ते साध्या वाक्यात. दुसरं मांडणीचं, म्हणजे कुठल्या बेंचवर काय काय जोडलंय. तिसरं केसेसचं आणि फक्त त्याच्याच आत फीचरप्रमाणे पोटपॅकेज: अँटी-पिंच, वन-टच (स्विच एकदा दाबला की काच आपोआप पूर्ण जाते), चाइल्ड लॉक, मोटर गरम होण्यापासून संरक्षण. चौथं सामाईक पायऱ्यांचं, कारण "इग्निशन चालू कर, काच पूर्ण खाली ने" ही सुरुवात जवळपास प्रत्येक केसमधे असते आणि ती चाळीस ठिकाणी लिहिली की चाळीस ठिकाणी दुरुस्त करावी लागते. पाचवं डेटाचं. बस, एवढंच. यापेक्षा खोल गेलात की माणसं जुना केस शोधायच्या ऐवजी नवीन बनवायला लागतात आणि एकच टेस्ट तीन नावांनी सापडते.

मग रिग्रेशन (बदलानंतर जुनं काही बिघडलं नाही ना ते बघायच्या टेस्ट), स्मोक (मुख्य गोष्टी चालतात का एवढंच झटपट बघायच्या टेस्ट), रिलीजप्रमाणे यादी कुठे? ती टेस्ट सेटमधे. टेस्ट सेट केसेसची कॉपी ठेवत नाही, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवतो. तुमच्या टूलमधे यूटीपी २ नसेल तर साधं पॅकेज घ्या आणि त्यात एलिमेंट इम्पोर्टने केसेस आणा, काम तेच होतं. टॅग लावून टूलच्या टेबलमधे फिल्टर करणं पण ठीक, पण टॅगच्या किमती एन्युमरेशनमधून, म्हणजे ठरलेल्या यादीतून, येऊ द्या, मोकळ्या टेक्स्टमधे "स्मोक", "स्मोक टेस्ट", "एसमोक" असं सगळं जमा होतं.

टेस्ट त्या-त्या डिझाइन ब्लॉकच्या आतच ठेवल्या तर? शोधायला सोपं जाईल ना?

सुरुवातीला सोपं वाटतं, पण करू नका. यावर मी अजिबात मागे हटत नाही. टेस्टला डिझाइन दिसलं पाहिजे, डिझाइनला टेस्ट दिसता कामा नये. पॅकेज इम्पोर्टचा बाण नेहमी टेस्टकडून निघून डिझाइनकडे आणि गरजांकडे जायला हवा, उलट एकही नको. कारण असं की डिझाइनचं पॅकेज कधीतरी सप्लायरला द्यायचं असतं, त्यातून कोड जनरेट करायचा असतो, दुसऱ्या गाडीसाठी उचलायचं असतं. आत टेस्ट रुतून बसल्या असतील तर त्या पण सोबत जातात, त्यांच्यासोबत बेंच जातो, बेंचसोबत कोणत्यातरी मोजमाप यंत्राचं मॉडेल जातं. आणि लॉकिंगचा त्रास वेगळाच: डिझायनरने ब्लॉक लॉक केला की टेस्टर दिवसभर बसून.

बहुतेक टूलमधे पॅकेजमधल्या अवलंबनाचा मॅट्रिक्स निघतो. महिन्यातून एकदा काढा, डिझाइनकडून टेस्टकडे जाणारी रेघ दिसली तर त्याच दिवशी काढून टाका.

व्हेरिफायचा बाण कुठून कुठे?

टेस्ट केसकडून रिक्वायरमेंटकडे, टोक रिक्वायरमेंटला. वर जे दिशेबद्दल लिहिलं त्यात हे बरोब्बर बसतं, रिक्वायरमेंटला टेस्टची काही खबर नसते. सॅटिस्फाय (डिझाइनचा कुठला भाग ही रिक्वायरमेंट पूर्ण करतो ते सांगणारा बाण) डिझाइनकडून येतो, व्हेरिफाय टेस्टकडून येतो, दोन्ही एकाच रिक्वायरमेंटवर येऊन टेकतात.

एका टेस्टने किती रिक्वायरमेंट व्हेरिफाय कराव्यात याला नियम नाही, पण एकाच केसवरून सात-आठ बाण निघत असतील तर तो केस बहुधा फार मोठा झालाय. तो फेल झाला की नक्की कुठली रिक्वायरमेंट फेल झाली हे कोणीच सांगू शकत नाही. उलट एका रिक्वायरमेंटवर बरेच केस असणं अगदी साहजिक आहे.

अजून एक, आणि हे मॅनेजर मंडळींना मुद्दाम सांगा: व्हेरिफायची रेघ असणं म्हणजे ती रिक्वायरमेंट तपासायची सोय केलीय एवढंच. पास झाली असं त्यातून कळत नाही. मॅट्रिक्स शंभर टक्के भरलाय असं दाखवून रिलीज सोडायची घाई होते तेव्हा हा फरक विसरला जातो.

टेस्टची मांडणी वेगळी का ठेवायची? केसमधेच लिहिली तर?

कारण तोच केस तुम्ही कमीतकमी तीन ठिकाणी चालवणार आहात. आधी मॉडेल-इन-द-लूपमधे, जिथे काच, मोटर, रबर सगळं गणितातलं आहे. मग हार्डवेअर-इन-द-लूपमधे, जिथे कंट्रोलर खरा आणि बाकीचं सिम्युलेटरमधे. शेवटी खऱ्या दरवाजावर, बल मोजणारा दांडा फटीत धरून. "काच वर सोड, १२० मिमी फटीवर अडथळा आण, काच उलट फिरली का बघ आणि सगळ्यात जास्त जोर किती आला ते नोंदव" ही पायरी तिन्हीकडे अक्षरशः तीच आहे. बदलतं काय, तर अडथळा कोण आणतं आणि जोर कोण मोजतं.

म्हणून प्रत्येक मांडणीसाठी एक इंटर्नल ब्लॉक डायग्राम किंवा कॉम्पोझिट स्ट्रक्चर (आतले भाग एकमेकांना कसे जोडलेत ते दाखवणारी आकृती) काढा. त्यात एक भाग एसयूटी, तो म्हणजे विंडो कंट्रोलर. बाकी टेस्ट कंपोनंट: स्विच दाबणारा, बॅटरीचा पुरवठा करणारा, अडथळा आणणारा, जोर मोजणारा. टेस्ट केस या भूमिकांशी बोलतो, कुठल्या कंपनीचं यंत्र आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एसयूटीच्या आत डोकावणारा मेसेज केसमधे दिसला, म्हणजे कंट्रोलरच्या खाजगी व्हेरिएबलला हात घातलेला दिसला, तर तो केस खऱ्या दरवाजावर चालणार नाही हे तिथेच कळतं.

डेटा वेगळा काढायचा म्हणजे नक्की काय? जरा आकड्यात सांगा.

अँटी-पिंचचंच घेऊ. फटीच्या सीमा ४ आणि २०० मिमी. सीमेवरचे आणि लगतचे आकडे घेतले तर ३, ४, १००, २००, २०१ असे पाच. बॅटरी ९, १२ आणि १६ व्होल्ट, कारण व्होल्टेज कमी-जास्त झाला की मोटरचा वेग आणि करंट बदलतो आणि बरेच कंट्रोलर अडथळा त्यावरूनच ओळखतात. तापमान थंड, साधारण, गरम असे तीन, कारण थंडीत रबर कडक होऊन घर्षण वाढतं आणि कंट्रोलरला तोच अडथळा वाटू शकतो. दरवाजे चार. पाच गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, झाले १८०.

आता हे १८० टेस्ट केस म्हणून मॉडेलमधे ठेवले तर मॉडेल मेलंच म्हणून समजा. एक केस ठेवा, त्याला पॅरामीटर द्या, आणि १८० ओळी डेटा पूलमधे ठेवा. सगळे १८० चालवायचे की जोड्या-जोड्यांनी निवडून कमी करायचे हा निर्णय पण डेटाच्या बाजूला होतो, केसला हात लावावा लागत नाही.

पण एक गोष्ट इथे बारकाईने बघा. ३ मिमी आणि २०१ मिमी या ओळींची अपेक्षा वेगळी आहे. ३ मिमीला काच उलट फिरलीच पाहिजे अशी अट नाही, उलट तिथे काचेला रबरात घट्ट बसायला जोर लागतो आणि ती मागे फिरली तर ग्राहक तक्रार करणार की काच बंदच होत नाही. म्हणजे ती ओळ दुसऱ्या रिक्वायरमेंटची आहे, "काच पूर्ण बंद झाली पाहिजे" या. आणि २०१ मिमीला नियमाची अट लागू नसली तरी तुमच्या कंपनीची स्वतःची रिक्वायरमेंट असू शकते, ती शोधा, नसेल तर लिहून घ्या. अशा ओळी एकाच केसमधे कोंबून आत "फट ४ पेक्षा कमी असेल तर" असल्या अटी घालू नका. वेगळी अपेक्षा म्हणजे वेगळा केस. डेटा पूलचे भाग पाडायला यूटीपी १ मधे डेटा पार्टिशन दिलंय ते याच कामाचं.

आणि १०० न्यूटन, ४ मिमी, २०० मिमी हे आकडे केसमधे टाइप करू नका. रिक्वायरमेंटच्या बाजूला कॉन्स्टंट म्हणून एकदाच ठेवा, बाकी सगळे तिथूनच घेऊ देत.

टेस्ट केस सीक्वेन्स डायग्राममधे लिहू, अ‍ॅक्टिव्हिटीमधे की स्टेट मशीनमधे?

मेसेजची देवाणघेवाण महत्त्वाची असेल, वेळेची मर्यादा असेल, तर सीक्वेन्स. माणसाने बेंचवर बसून करायच्या पायऱ्या असतील तर अ‍ॅक्टिव्हिटी, कारण टेक्निशियनला ती वाचता येते. स्टेट मशीन टेस्ट जनरेट करायला वापरतात, हाताने केस लिहायला सहसा नको. एका पोटपॅकेजमधे तरी एकच पद्धत ठेवा.

नावं कशी द्यायची?

नावात अट आणि अपेक्षा यावी. "अँटीपिंच_टेस्ट_०७" यातून काहीच कळत नाही. "अडथळा_वन_टच_वर_काच_उलटते" हे यादीत वाचलं तरी समजतं. नंबर आयडीच्या खणात ठेवा, नावात नको. रिक्वायरमेंटचा नंबर पण नावात नको, तो बदलतो आणि व्हेरिफायची रेघ आहेच की.

फेल आणि एरर यात टीममधे गोंधळ होतो. नियम काय?

फेल म्हणजे एसयूटी चुकली. एरर म्हणजे टेस्टची व्यवस्था चुकली. जोर मोजणाऱ्या दांड्याची वायर निघाली आणि रीडिंग शून्य आलं तर तो एरर, पास तर नाहीच नाही. वारंवार काच वर-खाली करून मोटर गरम झाली, संरक्षणाने तिला बंद केलं आणि काच हललीच नाही, तर अँटी-पिंचबद्दल काहीच सिद्ध झालं नाही, ते इनकन्क्लुझिव्ह.

बरेच कंपोनंट आपापला व्हर्डिक्ट देत असतील तर आर्बिटर शेवटचा ठरवतो, आणि नेहमीचा नियम म्हणजे सगळ्यात वाईट तो खरा: पासपेक्षा इनकन्क्लुझिव्ह वरचढ, त्याच्यापेक्षा फेल, त्याच्यापेक्षा एरर. एकदा फेल झालेलं नंतरच्या पासने धुतलं जात नाही. टीटीसीएन-३ या टेस्ट लिहायच्या भाषेत तर टेस्ट लिहिणाऱ्याला स्वतःहून एरर देताच येत नाही, तो फक्त चालवणारी सिस्टिम देते, आणि मला हा नियम फार योग्य वाटतो.

टेस्टचे निकाल मॉडेलमधे ठेवायचे का?

नको. मॉडेल म्हणजे काय तपासायचं याची जागा. निकाल रोज रात्री येतात, बिल्डगणिक येतात, त्यांनी मॉडेल फुगतं आणि व्हर्जन हिस्टरी वाचण्यासारखी राहत नाही. टेस्ट मॅनेजमेंट टूलमधे निकाल ठेवा, केसचा आयडी दोन्हीकडे एकच ठेवा, आणि कुठल्या मॉडेल व्हर्जनवर टेस्ट चालली ते निकालासोबत नोंदवा. डॅशबोर्डला जोडून बघायला एवढं पुरतं.

टीटीसीएन-३ चा विषय निघाला म्हणून, ते वापरायचं की यूटीपी?

दोन्ही सोबत नांदतात. टीटीसीएन-३ ही ईटीएसआय या युरोपातल्या टेलिकॉम मानक संस्थेने प्रमाणित केलेली, प्रत्यक्ष चालणारी टेस्टची भाषा आहे, टेलिकॉममधे मोबाइल फोनच्या कॉन्फॉर्मन्स टेस्ट त्यात लिहितात. यूटीपी १ मधे टीटीसीएन-३ आणि जेयुनिटकडे (जावा कोड टेस्ट करायचं साधन) कसं जायचं त्याचं मॅपिंग पण दिलेलं होतं. रचना मॉडेलमधे, चालणारा कोड तिकडे. फक्त दोन्हीकडचे मॉड्यूल आणि पॅकेज एकाच फीचरप्रमाणे पाडा.

कुठलं टूल घ्यावं?

कंपनीकडे लायसन्स आहे ते. शिकायचं असेल तर इक्लिप्स पापिरस फुकट आणि ओपन सोर्स आहे. एंटरप्राइझ आर्किटेक्ट वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: त्यात कुठल्याही एलिमेंटला युनिट, इंटिग्रेशन, सिस्टिम अशा टेस्ट चिकटवायची वेगळी विंडो आहे, सोयीची आहे, पण तिथे लिहिलेली टेस्ट त्या एलिमेंटचा गुणधर्म होऊन राहते. ज्याला व्हेरिफायची रेघ काढायचीय तो टेस्ट केस एलिमेंट म्हणूनच बनवा.

सिसएमएल व्ही२ आला, आता हे सगळं बदलणार का?

लिहायची पद्धत बदलते, विचार तोच. ओएमजीने व्ही२ ला २०२५ मधे अंतिम मान्यता दिली. त्यात व्हेरिफिकेशन केस हा भाषेचाच भाग आहे, प्रोफाइल लावावं लागत नाही. त्यात सब्जेक्ट म्हणजे कोणाला तपासतोय, ऑब्जेक्टिव्ह म्हणजे कशासाठी, आणि ऑब्जेक्टिव्हच्या आतच व्हेरिफाय करून रिक्वायरमेंटचं नाव. म्हणजे उद्दिष्टाशिवाय टेस्ट लिहायची सवय आपोआप मोडते. आणि भाषा टेक्स्टमधे पण लिहिता येते, त्यामुळे गिटमधे (फाइलमधले बदल नोंदवणारं टूल) टेस्टचा बदल ओळ-ओळ वाचून रिव्ह्यू करता येतो, ज्याची कित्येक वर्षं वाट बघत होतो. आत्ता १.x मधे असाल तर घाईने उडी मारू नका, पण उद्दिष्ट, मांडणी, केस, डेटा वेगळे ठेवलेत तर न्यायला सोपं जाईल.

ऑडिटरला डॉक्युमेंट लागतं. मॉडेल दाखवून चालत नाही.

जनरेट करा. आयएसओ २९११९ च्या तिसऱ्या भागात टेस्ट डॉक्युमेंटचे साचे आहेत, टेस्ट केस स्पेसिफिकेशन आणि टेस्ट प्रोसिजर स्पेसिफिकेशन वेगवेगळे. वरची पॅकेज रचना असेल तर प्रत्येक प्रकरणाला एक पॅकेज लावून टेम्प्लेट बनतं. जनरेट झालेली फाइल हाताने सुधारायची नाही एवढा एकच नियम पाळा.

आमच्याकडे एक्सेलमधे शेकडो टेस्ट आहेत. कुठून सुरू करू?

सगळं एकदम इम्पोर्ट करू नका, नाहीतर एक्सेलमधला सगळा पसारा जसाच्या तसा मॉडेलमधे येईल. एक फीचर घ्या, ज्यात आत्ता बदल चालू आहे असं. त्याच्या ओळी समोर ठेवा आणि फक्त आकड्यात फरक असलेल्या ओळी एकत्र करा, बऱ्याचदा तीस-चाळीस ओळींचे चार-पाच केस आणि एक डेटा टेबल होतं. मग प्रत्येक केसचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. जिथे वाक्य सुचत नाही ती टेस्ट का आहे हे जुन्या लोकांना विचारा, कधी त्यामागे फील्डमधून आलेली खरी तक्रार असते आणि तिची रिक्वायरमेंट कोणी लिहिलेलीच नसते, ती आत्ता लिहा. मग व्हेरिफायच्या रेघा.

जुने आयडी ठेवायचे की नवीन द्यायचे?

एक ओळ एका केसमधे गेली तर जुनाच ठेवा. बऱ्याच ओळी मिळून एक केस झाला तर केसला नवीन आयडी द्या आणि जुने आयडी डेटाच्या त्या-त्या ओळीत एका खणात ठेवा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा बग रिपोर्ट उघडून कोणी जुना नंबर शोधला तरी सापडेल.